तो काही करत नाही हो!

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. काही जणींनी म्हटलंही असेल. संध्याकाळी बागेत शिरावं, एका हाताला मूल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि समोरून एखादं भलंमोठं कुत्रं चौखूर उधळत अंगावर यावं. आपण जागच्या जागी थिजतो. मूल आपल्या पदराआड नाहीतर ओढणीआड शिरतं. आणि मागून वीस-पंचवीस पावलांवरून, हातातला रिकामा पट्टा झुलवीत येणारे त्या कुत्र्याचे मालक हसत हसत सांगतात, "घाबरू नका, तो काही करत नाही हो!"

या वाक्याची गंमत अशी, की ते बहुतेक वेळा खरं असतं. कुत्रं येतं, हुंगतं, शेपूट हलवतं आणि पुढे जातं. खरोखरच काही करत नाही. मग आपण एवढं दचकलो कशाला, असं आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. आपण कसनुसं हसतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्याबद्दलच आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधीच सांगून टाकते, मी काही कुत्र्यांची वैरीण नाही. माझ्या माहेरी मोती होता. दिवसा गोठ्यापाशी बांधलेला, रात्री घर राखायला मोकळा. उरलेली भाकरी आणि ताक यावर तो सुखानं जगला. त्याला 'फिरवायला नेणं' हा शब्दच आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हता. अंगण त्याचं होतं आणि अंगणाला कुंपण होतं. येणारा माणूस फाटकाबाहेरून हाक मारायचा. आता अंगणं गेली आणि फ्लॅट आले. कुत्री मात्र राहिली, उलट वाढली. आमच्या कॉलनीत २०२० च्या टाळेबंदीआधी एकच पाळीव कुत्रं होतं, आता सात आहेत. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुत्र्याला पाय मोकळे करायला उरलं काय, तर बाग. आणि आपल्यालाही बाग हवी असते ती नेमकी तेवढ्यासाठीच!

जागा मुबलक असती तर हा प्रश्न निघालाच नसता. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलेलं आहे. आपल्या घरगुती हिशेबात सांगायचं तर १० बाय १२ फुटांची एक खोली. आता तुमच्या वस्तीतली माणसं मोजा आणि बाग डोळ्यांसमोर आणा. खोली राहू द्या, एखादं गोदरेजचं कपाट मावेल एवढी जागा तरी प्रत्येकाच्या वाट्याला येते का पाहा.

आमची बाग अशीच आहे. चार कडुनिंब, एक घसरगुंडी, दोन झोके (त्यातला एक तुटलेला), कडेनं फरशीची पायवाट आणि सहा बाकं. सकाळी पेन्शनरांची आणि पळणाऱ्यांची वेळ. दुपारी बाग बंद. साडेपाच ते सात ही बायकांची वेळ. ती कुणी ठरवून दिलेली नाही, आपोआप पडली आहे. मुलांची शिकवणी सुटल्यापासून कुकर चढवेपर्यंतचा तो मधला वेळ. दिवसभरात एवढाच काय तो वेळ असतो, जेव्हा कुणी आपल्याला "अगं, माझा टॉवेल कुठे आहे?" असं विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी या वेळात कुत्री मोकळी सुटू लागली. पहिला सुटला ब्रूनो. तीस-पस्तीस किलोचा लॅब्रेडॉर, वय दीड वर्ष, म्हणजे अंगानं मोठा आणि अकलेनं पोरगा. तो सुटलेला पाहून मागच्या गल्लीतला जर्मन शेफर्ड सुटला. मग एक पामेरियन, आकारानं सशाएवढं आणि आवाजानं फौजदार. एकानं पट्टा सोडला, की दुसऱ्याला वाटतं, आपणच काय घोडं मारलंय?

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आमच्या बागेत आजवर कुणालाही कुत्रं चावलेलं नाही. एकदाही नाही. तरीसुद्धा सहा-सात महिन्यांत बाग ओस पडू लागली, आणि ती कशी पडली हेच समजून घेण्यासारखं आहे.

माझ्या सासूबाई बाहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की रोज वीस मिनिटं सपाट जागेवर चालायचंच. त्यांना कुत्र्याची भीती मुळीच नाही. खेड्यात वाढलेल्या बाई त्या. त्यांना भीती पडण्याची. भरधाव पळणारा ब्रूनो नुसता काठीला घासून गेला तरी पुरे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आज नको गं, ऊन आहे." दुसऱ्या दिवशी वारं होतं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी कारण सांगणंच सोडून दिलं. स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा घरातल्या घरात अकरा फेऱ्या मारायच्या आणि टीव्हीसमोर बसायचं. बाकावरच्या त्यांच्या दोन मैत्रिणी सुटल्या, गप्पा सुटल्या. घरात त्यांची चिडचिड वाढली ती वेगळीच.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना तेव्हा सातवा महिना होता. त्या एकट्याच गच्चीवर चालू लागल्या. कोपऱ्यावरच्या एक भाभी रोज मगरिबच्या नमाजाआधी थोडं फिरून जात असत. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली, की ती जागा धुऊन काढल्याशिवाय नमाज होत नाही. रोज ही धुण्याची कटकट कोण करणार? त्या येईनाशा झाल्या. आणि एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिला पूर्वी दुसरीकडे कुठेतरी रस्त्यावर कुत्रं चावलं होतं. ती घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर चढून बसायची ती खाली उतरायचीच नाही. खाली तिची आई हात पसरून उभी. "ये गं राणी, गेला तो," म्हणायची. असं पंधरा-पंधरा मिनिटं चालायचं. पुढे त्या मायलेकीही दिसेनाशा झाल्या.

यातल्या एकीनंही तक्रार केली नाही. बाग सोडून जाणारी माणसं अर्ज करत नसतात, ती नुसती येईनाशी होतात. आणि मागे जे उरतात ते खुशाल म्हणतात, "बघा, आमच्या कुत्र्यांबद्दल कुणाची काही हरकत नाही!" हरकत असणारे तिथे असतात कुठे?

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन भांडायचं. भांडणाचंच बोलायचं तर आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज चालू होतंच. एक पक्ष म्हणे, कुत्र्यांना बागेत सक्त मनाई करा. दुसरा म्हणे, माणसांपेक्षा कुत्री बरी. सकाळच्या 'सुप्रभात'च्या फुलांखाली ही जुंपलेली. मी ठरवलं, ग्रुपवर चकार शब्द लिहायचा नाही. ब्रूनो ज्यांचा, त्या काकूंकडे जाऊनच बसायचं.

काकू निवृत्त परिचारिका. तीन वर्षांपूर्वी काका गेले. मुलगा-सून बंगळूरला असतात. त्यांनीच आईला सोबत म्हणून ब्रूनोचं पिल्लू आणून दिलं. काकूंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "अगं, तो बिचारा चोवीस तास दोन खोल्यांत कोंडलेला असतो. तासभर तरी मनासारखा पळू दे की त्याला." हे अगदी खरं होतं. लॅब्रेडॉर ही मुळात शिकाऱ्यानं टिपलेला पक्षी पाण्यातून-चिखलातून उचलून आणायला तयार केलेली जात. त्याला दिवसभर सोफ्याखाली बसवून ठेवायचं म्हणजे धडधाकट पोराला सुट्टीत खोलीत कोंडण्यासारखंच.

मग काकू जरा थांबल्या. म्हणाल्या, "आणि खरं सांगू? पट्टा धरला की तो मला फरफटत नेतो. मागे एकदा गेटपाशी पडता पडता वाचले. माझंही वय झालंच ना आता. म्हणून आत शिरल्या शिरल्या मी त्याला सोडूनच देते."

मी ऐकतच राहिले. म्हणजे आमच्या सासूबाई पडायच्या भीतीनं बागेत येत नव्हत्या, आणि काकू पडायच्या भीतीनं कुत्रा सोडत होत्या! दोघींची भीती एकच, आणि दोघींना एकमेकींबद्दल काही ठाऊकच नव्हतं. सासूबाई का येत नाहीत हे मी सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, त्यांचा गुडघाच परत दुखतोय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ब्रूनोला घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील. कुत्रं अंगावर उडी मारतं ते पुष्कळदा रागानं नव्हे, ती त्याची गळाभेट असते. पण ज्याच्यावर उडी मारतं त्याला ते कळावं कसं? लहान मूल किंचाळून पळालं, की कुत्र्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो आणि ते मागे धावतं. पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्याकडे मोकळं कुत्रं धावून आलं, तर बांधलेलं कुत्रं बिथरतं, कारण त्याला पळून जायची सोय नसते. म्हणजे एकानं पट्टा सोडला, की ज्यांनी शहाण्यासारखा धरला आहे त्यांचीच पंचाईत. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आजूबाजूला मुलं, दुसरी कुत्री आणि भेळेचा कागद असतानाही पहिल्या हाकेला जे कुत्रं परत येत नाही, ते सार्वजनिक जागी मोकळं सोडायला अजून तयार झालेलं नाही असं समजावं.

काकूंना त्यांनी एक साधा उपाय सांगितला. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या, आणि दोरी अडकवायची कडी पाठीवर नको, छातीवर पुढे असू द्या. कुत्रं ओढू लागलं की ते आपोआप बाजूला वळतं, त्यामुळे ओढण्याचा जोर कमी होतो. दोरी चार ते सहा फुटांची पुरे. चाकातून सरसर सुटणारी लांबलचक दोरी गर्दीच्या जागी नको, ती चालणाऱ्यांच्या पायांत येते.

कायदा काय म्हणतो, तेही मी थोडं वाचून काढलं, कारण ग्रुपवर दोन्ही पक्ष कायद्याचीच भाषा करीत होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ साली पाळीव कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोसायट्यांनी कुत्री पाळायलाच बंदी करू नये, बागेतही सरसकट मज्जाव करू नये, त्यापेक्षा सर्वांनी मिळून वेळा ठरवाव्यात, असा त्यांचा सूर आहे. पण त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलं आहे, की सार्वजनिक जागी कुत्रं पट्ट्यात धरावं. दोन्ही पक्ष अर्ध्या-अर्ध्याच सूचना वाचत होते म्हणायचं! शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असताना ज्यानं पुरेशी खबरदारी घेतली नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "तो काही करत नाही" हे तिथे उत्तर म्हणून चालत नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न यात मिसळू नका. तो वेगळा आहे आणि मोठा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात तो किती गाजला ते आठवत असेल. ११ तारखेला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला, आणि २२ तारखेला तो बदलून नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावं, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असं ठरलं. भटक्या कुत्र्याला मालक नाही. आपल्या ब्रूनोला आहे, म्हणून त्याची जबाबदारी कुणाची हे विचारावं लागत नाही. पण या भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. त्यांना खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी, आणि वेळ मुलं व म्हातारी माणसं बाहेर नसतील तेव्हाची असावी, असं तिथे म्हटलं आहे. जागा ठरवा, वेळ ठरवा. आपण घरात एकच बाथरूम सहा माणसांत वापरतो ते याच रीतीनं ना?

जगातही लोक असंच करतात. माझी मावसबहीण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहते. तिथल्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये सकाळी नऊच्या आधी आणि रात्री नऊनंतर, ठरलेल्या हिरवळींवर कुत्री मोकळी सोडता येतात. एरवी पट्टा हवाच. आधी ही नुसती रीत होती. २००७ साली त्या शहरानं तिला नियमाचं रूप दिलं. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस घेतल्याचा पुरावा जवळ लागतो. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ साली कोंडापूर भागात खास कुत्र्यांसाठी बाग उघडली. सगळ्या गावांना ते जमणार नाही हे मलाही कळतं. पण वेळ वाटून घ्यायला तर पैसे पडत नाहीत!

अखेर एका रविवारी सभा भरली. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हजेरी घ्यायची सवय हाताला आहे. सभेच्या आधीचा आठवडा मी एक वही घेऊन घरोघर फिरले, आणि पूर्वी येत असत पण आता बागेत येत नाहीत अशांची यादी केली. प्रत्येकीला कारण विचारलं. अकरा जणी आणि मुलं निघाली. सभेत दोन्ही बाजूंचं यथेच्छ बोलून झाल्यावर मी उठले आणि कुणाचंही नाव न घेता ती यादी वाचली. "एक : गुडघ्याचं ऑपरेशन, पडण्याची भीती. दोन : सातवा महिना. तीन : नमाजाआधी कपडे धुवावे लागतात. चार : वय आठ वर्षं, घसरगुंडीवरून उतरत नाही..." अकरावं कारण वाचून होईपर्यंत सभागृहात शांतता होती. त्या मुलीचे वडील तिथेच बसले होते. "मनाई करा" म्हणणाऱ्यांत ते नव्हते, "चालू द्या" म्हणणाऱ्यांतही नव्हते. ते फक्त खाली मान घालून बसले होते.

त्यानंतर बोलल्या त्या काकू. "मला सकाळी सहाला यायला जमेल," एवढंच म्हणाल्या. पुढे अर्ध्या तासात सगळं ठरलं. बागेचा मागचा, नाल्याकडचा भाग सकाळी सहा ते सव्वासात कुत्र्यांसाठी. तिथे जाळीचं कुंपण आणि फाटक वर्गणीतून. त्या वेळी, त्या जागी कुत्री मोकळी. बाकी सर्व वेळ, सर्व बागेत पट्टा. संध्याकाळी साडेपाच ते सात कुत्र्यांनी यायला हरकत नाही, पण पट्ट्यात आणि बाहेरच्या पायवाटेनं. खेळण्यांच्या बाजूला जायचं नाही. आणि प्रत्येकानं आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची. हे शेवटचं नुसतं स्वच्छतेसाठी नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या जंतांची अंडी मातीत पडतात, काही आठवड्यांत ती संसर्ग करण्याजोगी होतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातात. ताजी असतानाच उचलली, की तो धोका टळतो. कुत्र्याला जंताचं औषधही वेळच्या वेळी द्यायला हवं.

सगळं कसं गोड झालं, असं मी सांगणार नाही. बाग सरकारी, म्हणून रीतसर पाटी लावण्यासाठी अर्ज दिला, त्याला आठ महिने झाले. तो कुठल्या टेबलावर आहे देव जाणे. शेफर्डवाले गृहस्थ अजून रविवारी संध्याकाळी पट्टा सोडतात. मात्र आता त्यांना टोकायला मला उठावं लागत नाही. "अहो, पट्टा!" म्हणून काकूच बाकावरून ओरडतात. ब्रूनोला सकाळी पळवायला कॉलेजातला एक मुलगा येतो. पळून दमलेला ब्रूनो संध्याकाळी हार्नेस घालून काकूंच्या पायांशी शहाण्यासारखा बसतो. सासूबाई पुन्हा चालू लागल्या. वरच्या वहिनी आता बाबागाडी घेऊन येतात. ती मुलगी येते, पण फाटकातून आधी आत डोकावून बघते. अकरांपैकी सात परत आल्या. एका घराची बदली झाली. उरलेल्या तीन आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "आता सवय मोडली." मला या तीन जणींचंच जास्त वाईट वाटतं.

आता दोन शब्द प्रत्येक घरासाठी. मुलांना शिकवा, की मोकळं कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ तर जायचंच नाही. शाळेत मी हे मुलांकडून करून घेते. 'झाड' व्हायला त्यांना फार आवडतं.

आणि देव न करो, पण चावा किंवा ओरखडा झालाच, तर सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. आपल्याकडे अजून कुणी हळद भरतं, कुणी तिखट, कुणी चुना. यातलं काहीही लावू नका. मग लगेच दवाखाना गाठा. कुत्रं पाळीव आहे, त्याला लस दिलेली आहे, तरीही डॉक्टरांना दाखवाच. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस गेले. आता दंडात घ्यायची लस पहिल्या दिवशी, आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेभोवती आणखी एक औषध टोचावं लागतं, तेही चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. कुत्रं पाळणाऱ्या भगिनींनी पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला लस द्यावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नियमित देत राहावी. लसीचं कार्ड बागेत जाताना मोबाइलमध्ये असू द्यावं. कुणी विचारलं तर राग मानू नये.

कुत्रं पाळणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. तुमचा ब्रूनो तुम्हाला ठाऊक आहे. तो रात्री कुठे झोपतो, कुणाच्या चपला पळवतो, विजेच्या कडकडाटाला कसा घाबरतो, हे सगळं तुम्हाला माहीत. समोरच्या बाईला यातलं काहीच माहीत नसतं. तिला दिसतात फक्त दात. तेव्हा "तो काही करत नाही" असं सांगण्याआधी पट्टा हातात घ्या आणि "जवळ आणलं तर चालेल का?" असं विचारा. पुष्कळ जणी "हो" म्हणतील, मुलं तर हमखास म्हणतील. जी "नको" म्हणेल, तिला कारण विचारू नका.

आणि ज्या गप्प बसतात त्या मैत्रिणींनो, तुम्ही उद्या संध्याकाळी बागेत गेलात तर एक काम करा. कोण आलं आहे ते सगळ्यांनाच दिसतं. कोण येत नाही ते मोजा. एक कागद घ्या, पूर्वी कोणत्या बाकावर कोण बसायचं ते आठवा, आणि त्यांच्या घरी जाऊन या. चहा पिऊन या. कारण कुत्रंच असेल असं नाही. फुटलेली फरशी असेल, बंद पडलेला दिवा असेल, टवाळ पोरांचा घोळका असेल. काय निघतं, ते मला जरूर कळवा.